हातात उरतं किती?

महिन्याची अठ्ठावीस तारीख होती. दुपारची भांडी आवरून मी जरा पाठ टेकणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची शेजारीण. नवरा-बायको दोघंही कमावते, दोन्ही पगार मिळून लाखाच्या आसपास. खाली चारचाकी, हॉलमध्ये भिंतभर टीव्ही. ती जरा घुटमळली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तीन हजार असतील का हो? एक तारखेला नक्की देते. उद्या फ्लॅटचा हप्ता जायचाय आणि खात्यात थोडे कमी पडतायत."

मी दिले. शेजारधर्म आहे, त्यात काही विशेष नाही. पण ती जिना चढून जाताना माझ्या मनात आलं, अरे, हिच्या घरात माझ्या घराच्या दुप्पट पैसा येतो. मग तो जातो कुठे?

त्याच दिवशी संध्याकाळी नेहमीच्या भाजीवाल्या मावशी आल्या. मेथीची जुडी पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "ताई, येक काम हुतं. बँकेत पावती करायची हाय. तेवढा फारम भरून द्या की."

"किती रुपयांची मावशी?"

"पंचवीस हजाराची."

मी बघतच राहिले. मावशी माण तालुक्यातल्या. दुष्काळाला कंटाळून पंधराएक वर्षांपूर्वी साताऱ्यात आल्या. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार भाजी विकतात. माझा चेहरा बघून त्या हसल्या. "रोजचं पन्नास रुपयं काढल्याबिगर म्या चूल पेटवत न्हाय. दीड वरीस झालं बघा."

मैत्रिणींनो, इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, आता ही बाई आपल्याला तीच जुनी गोष्ट सांगणार. श्रीमंत दुःखी आणि गरीब सुखी, पैसा म्हणजे सर्व काही नव्हे, वगैरे वगैरे. तसं नाही. कारण मावशींची गोष्ट इथे सुरू होत नाही. ती त्याच्या आधी सुरू होते.

काही वर्षांपूर्वी मावशींचे यजमान बांधकामावर पडले. कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यासाठी ओळखीच्या एका सावकाराकडून चाळीस हजार घेतले, शेकडा दहा रुपये महिना व्याजाने. म्हणजे महिन्याला चार हजार नुसतं व्याज. चौदा महिने त्यांनी ते भरलं. छप्पन्न हजार रुपये गेले आणि मुद्दल? मुद्दल चाळीसचे चाळीस हजार जागच्या जागी! शेवटी गळ्यातलं डोरलं विकून त्यांनी सुटका करून घेतली.

मी विचारलं, "तेव्हा काटकसर करत नव्हता का मावशी?"

"काटकसर तवाबी हुतीच की ताई. भाकरीला कोरड्यास नसायचं, तरी कुनाला सांगितलं न्हाय. पन साठवन नव्हती."

त्यांचं हे वाक्य माझ्या मनातून जाता जाईना. काटकसर होती, पण साठवण नव्हती. समाधानही होतं, तक्रार अशी कधी केली नव्हती. तरी एका अपघाताने घर सावकाराच्या दारात नेऊन बसवलं. आणि इकडे माझी शेजारीण. मिळकत भरपूर, पण महिनाअखेरीला तीन हजारांची चणचण.

चुलीला तीन दगड लागतात. दोन कितीही भक्कम असले तरी भांडं कलंडतंच. घराच्या आर्थिक सुरक्षिततेचंही तसंच आहे. मिळकत, खर्चाची सवय आणि समाधान हे ते तीन दगड. यातला एकही निखळून चालत नाही.

पेवातली हळद

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. पगार बेताचाच. पण घरी दारी सारखी हळदीची चर्चा. लहानपणी ते एकदा आम्हा भावंडांना सांगलीजवळच्या हरिपूरला पेव दाखवायला घेऊन गेले होते. नव्या पिढीतल्या मुलींना पेव म्हणजे काय ते ठाऊक नसेल, म्हणून सांगते. जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, आपल्या घागरीसारखं. तिथली माती अशी की आत ओल धरत नाही. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने घट्ट बंद करायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते. भाव पडलेला असला की पेव बंद, भाव चढला की पेव उघडायचं.

वडील म्हणायचे, "पिकलं तेवढं लगेच विकून खाल्लं, तर तो व्यापारी नव्हे." आणि आई लगेच स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि आलं तेवढं सगळं खर्च केलं, तर ती गृहिणी नव्हे."

आईचं पेव होतं डाळीच्या डब्यात. महिन्याचा पगार हातात आला की आधी त्यातली एक नोट डब्यात जायची, मग वाण्याची यादी व्हायची. आपण नेमकं उलटं करतो. सगळा खर्च भागवतो आणि उरलं तर ठेवू म्हणतो. आणि उरत काही नाही! कारण खर्चाचा स्वभावच असा आहे, की जेवढी जागा मिळेल तेवढा तो पसरतो. पगार वाढला की आधी हॉटेल वाढतं, मग कपडे वाढतात, मग गाडी मोठी लागते. अंथरूण वाढत जातं, पण पाय त्याच्याही बाहेर.

पण पेवाची गोष्ट इथे संपत नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं. वर्षानुवर्षं जपलेली हळद भिजली, कितीतरी पेवं ढासळली. त्यानंतर व्यापारी हळूहळू गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीने पुन्हा महापूर पाहिला. तेव्हा आमच्या माहेरच्या गल्लीतल्या एका काकूंची कपाटातली रोकड आणि कागदपत्रं चिखलात गेली. साठवण होती, पण सगळी एकाच जागी.

म्हणून पहिला धडा साठवण्याचा आणि दुसरा, सगळं एकाच पेवात न ठेवण्याचा. थोडं बँकेत, थोडं पोस्टात, थोडं सोन्यात, आणि अडीनडीला चार पैसे हाताशी.

सोन्यावरून आठवलं. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला आणि आपल्या हळदी-कुंकवात दुसरा विषयच उरला नाही. "तेव्हा घेतलं असतं तर!" हे पालुपद. सोनं अडचणीला कामाला येतं, यात शंका नाही. रात्री-अपरात्री सावकाराकडे जाण्यापेक्षा बांगडी बँकेत तारण ठेवून कर्ज काढणं केव्हाही परवडतं. पण दागिना घेताना घडणावळ जाते आणि मोडताना ती परत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि हप्त्यावर पैसे काढून लग्नात मिरवण्यासाठी घेतलेला हार म्हणजे साठवण नव्हे. तो खर्चच.

म्हसवडच्या बायकांचं गणित

मावशींच्या माण तालुक्याचं नाव निघालं, की मला म्हसवड आठवतं. सातारा जिल्ह्यातला हा कायम दुष्काळी भाग. मुंबईत वाढलेल्या चेतना गाला सिन्हा चळवळीतून आल्या, लग्न करून म्हसवडला स्थायिक झाल्या आणि तिथल्या बायकांबरोबर काम करू लागल्या. तिथे लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला बँकेत थोडे थोडे पैसे साठवायचे होते. कशासाठी? तर पावसाळ्यात पाल शाकारायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. पण एवढ्याशा रकमेसाठी तिचं खातं उघडायला कुठलीच बँक तयार नव्हती.

ती कर्ज मागत नव्हती, अनुदान मागत नव्हती. स्वतःच्या घामाचे पैसे ठेवायला तिला फक्त एक सुरक्षित जागा हवी होती. तीही मिळेना. त्यातून बायकांची स्वतःची बँक काढायची कल्पना पुढे आली.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि फेटाळला गेला. कारण सभासदांपैकी बऱ्याच जणी निरक्षर, कागदावर अंगठे उठवलेले. बायकांनी हातपाय गाळले नाहीत. त्यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. दिवसभर राबून रात्री त्या पाटी-पेन्सिल घेऊन बसायच्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईला अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं, कारण शाळाच नव्हती, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं! असं त्या थेट म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्याच चेतनाताई २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष होत्या.

पण मला त्या बँकेची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बँक बाईच्या दारी जाते. भाजीवाल्या बाईला रोजगार बुडवून बँकेत जाणं परवडत नाही, म्हणून बँकेची माणसं बाजारात, वस्तीवर फिरून रोजचे पैसे गोळा करतात. दुसरी गोष्ट पासबुकाची. बायका म्हणाल्या, पासबुक घरी नको. नवरा बघतो, मुलगा बघतो आणि शिल्लक दिसली की मागतो. मग कार्ड देण्याचं ठरलं आणि त्याला आकडी पिन द्यायची कल्पना निघाली. तर बायकांनी तीही नाकारली. पिन घरातलं कुणीही काढून घेईल, आमचा अंगठाच ठेवा. अंगठा कुणी चोरू शकत नाही!

गंमत बघा. ज्या अंगठ्यामुळे अर्ज फेटाळला गेला, तोच अंगठा पुढे तिजोरीची किल्ली झाला.

या बायकांना अर्थशास्त्राची पदवी नव्हती. पण साठवलेला पैसा नुसता साठवून भागत नाही, तो आपल्या ताब्यातही राहिला पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यापैकी कितीजणींना आपल्या नावावर नेमकं काय आहे ते माहीत आहे? एटीएमचं कार्ड कुणाच्या खिशात असतं? पदवीधर असूनही "ते सगळं हेच बघतात" असं कौतुकाने सांगणाऱ्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत. मीही त्यातलीच एक होते, उगाच लपवत नाही.

समाधान, पण कशात?

आता तिसऱ्या दगडाबद्दल. समाधान हा शब्द आपल्याकडे फार लवकर बायकांच्या पदरात टाकला जातो. "आहे त्यात सुखी राहा." "बाईने हावरं नसावं." मुलीने शिकायचं म्हटलं की समाधान, नोकरी करायची म्हटलं की समाधान, घराच्या उताऱ्यावर नाव मागितलं तर मग समाधानाचं प्रवचनच! असलं समाधान आपण नाकारलं पाहिजे. म्हसवडच्या बायका असं समाधान मानून बसल्या असत्या, तर त्यांची बँक झाली नसती.

आमच्या सांगली जिल्ह्यातली विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं बघा. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून हातावर हात ठेवून बसली नाहीत. सोन्या-चांदीच्या गलाईचं काम शिकून देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. परक्या गावात, परक्या भाषेत भट्टीसमोर बसून त्यांनी संसार उभे केले. कमी मिळकतीत समाधान मानायचं नसतं. ती वाढवायची खटपट करायचीच. जिची मिळकतच पोटाला पुरत नाही, तिला खर्च कमी कर म्हणून शहाणपण शिकवणं हा निव्वळ निर्दयपणा आहे.

मग समाधान हवं कुठे? तर खर्चात. "पुरे" हा शब्द उच्चारता येणं म्हणजे समाधान. कमावताना "अजून" म्हणावं आणि खर्च करताना "पुरे" म्हणावं. आपलं नेमकं उलटं होतं. पगारवाढ मागताना आपण संकोचतो आणि साड्यांच्या दुकानात "अजून दाखवा" म्हणतो!

आणि आता तर दुकान आपल्या हातातच आलंय. नोटा मोजून देताना हात थोडा थांबायचा. शंभराची शेवटची नोट देताना जिवावर यायचं. मोबाइलवरून पैसे पाठवताना बोट थांबत नाही. टुण्ण आवाज येतो आणि विषय संपतो. माझ्या मुलीने मागे एकदा नुसता चहा-वडापावचा महिन्याचा हिशेब मोबाइलमधून काढून दाखवला. आकडा सतराशे! घरात कुणालाच खरं वाटेना. वडापाव खाऊच नये असं मी म्हणत नाही. पण सतराशे गेले हे आपल्याला कळलं तरी पाहिजे.

दुसरा शत्रू म्हणजे शेजार. त्यांनी मॉड्युलर किचन केलं म्हणून आपण करायचं. जावेच्या मुलीच्या बारशाला हॉल होता, मग आपल्याकडे घरी कसं चालेल? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. गोरगरिबांच्या घरी तर लग्नाचं कर्ज फिटेपर्यंत लेकीचं पहिलं बाळंतपण येतं. ऋण काढून सण करू नये, हे आपल्या आज्या सांगून गेल्या. पण नाक कापलं जाईल, ही भीती आजीच्या शब्दापेक्षा मोठी ठरते.

जास्त व्याजाची भुरळ

असमाधानाचं आणखी एक रूप आहे, ते पटकन ओळखू येत नाही. माझी एक आत्या शिक्षिका होती. आयुष्यभर एक रुपया वाया घालवला नाही. निवृत्तीचे सगळे पैसे तिने गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले. का? बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त होतं आणि संचालक ओळखीचे होते. काही वर्षांतच संस्थेला कुलूप लागलं. आत्या हातात पावत्या घेऊन खेटे घालत राहिली. तिचे निम्मे पैसे तिच्या हयातीत परत आले नाहीत. काटकसर करणाऱ्या, समाधानी बाईलाही त्या दोन टक्क्यांनी मोह घातला.

सगळ्याच पतसंस्था वाईट असतात, असं मुळीच नाही. पण एक फरक आपल्याला ठाऊक हवा. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. व्यापारी बँक असो की सहकारी, त्या बँकेत आपली मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतची ठेव सुरक्षित असते. आधी ही मर्यादा एक लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले म्हणून विमा दुप्पट होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा लागू नाही. 'बँक' आणि 'पतसंस्था' या पाटीवरच्या दोन शब्दांत एवढं अंतर आहे.

आपल्या दोन्ही गावांनी जुन्या बँकांचा शेवट पाहिला आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची. भांडवल अपुरं पडल्यामुळे सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि महिन्याभरात ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. सांगली बँक त्याहून जुनी, १९१६ ची. ती २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. दोन्ही ठिकाणी ठेवीदारांची खाती नव्या बँकेकडे गेली, पैसे बुडाले नाहीत. पण नाव कितीही जुनं आणि आपलं वाटलं, तरी सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत, हा हरिपूरच्या पेवाचाच धडा बँकेलाही लागू आहे.

कर्ज घेतानाही एक प्रश्न नक्की विचारा. व्याज महिन्याचं की वर्षाचं? "फक्त तीन टक्के" म्हणणारा माणूस महिन्याचं सांगत असतो. म्हणजे वर्षाला छत्तीस. मावशींचे शेकडा दहा म्हणजे वर्षाला एकशेवीस टक्के! म्हसवडच्या बायकांसारखं तोंडी नाही जमलं, तर कागदावर मांडा. पण मांडा.

एवढं तरी करूया

फार मोठ्या गोष्टी मी सांगणार नाही. मला स्वतःला ज्या जमल्या, तेवढ्याच सांगते.

आधी ठेव, मग खर्च. रक्कम कितीही लहान असो. रोजचे पन्नास म्हणजे वर्षाचे अठरा हजारांच्या वर होतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार ज्यांच्या खात्यात आले, त्यांनी निदान त्यातले पाचशे बाजूला टाकायला काय हरकत आहे?

तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी. सोन्यात नाही, जमिनीत नाही, चटकन काढता येईल अशा खात्यात. तीन जमत नसेल तर एका महिन्याचा. आजारपण आणि अपघात आधी कळवून येत नाहीत.

विमा काढा. बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा मिळतो आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनांचे हे हप्ते २०२२ पासूनचे आहेत. बँकेत जाऊन फक्त विचारायचं आहे.

हिशेबाची वही. रोज रात्री पाच मिनिटं. महिनाअखेरीला नवरा-बायकोने ती मिळून वाचायची. भांडायला नव्हे, वाचायला. मोठ्या मुलांनाही जवळ बसवा. घरात पैसा किती येतो हे माहीत असलेलं मूल महागड्या बुटांसाठी सहसा हट्ट धरत नाही.

नॉमिनीचं नाव. प्रत्येक खात्यावर, पावतीवर, विम्यावर ते आहे का ते आजच बघा. आणि सगळी कागदपत्रं कुठल्या पिशवीत आहेत ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

एक दिवसाचा नियम. हजाराच्या वरची वस्तू दिसली की लगेच घ्यायची नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. सकाळी उठल्यावरही हवीशी वाटली, तर खुशाल घ्या. अर्ध्या वस्तू सकाळी आठवतही नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आणि एक वाटा आनंदाचा. वर्षातून एकदा कुटुंबाने कुठेतरी जाऊन यावं. लेकीला तिच्या आवडीचं काही घ्यावं. सगळं मारून-मुटकून साठवणारं घर फार दिवस तग धरत नाही. एक दिवस ते फुटतं आणि साठवलेलं सगळं वाहून जातं.

आता शेजारणीचं सांगते. तिला विचारूनच लिहितेय, फक्त नाव सोडून. एक तारखेला ती पैसे परत द्यायला आली आणि नेमकं तेव्हाच मी मावशींची ती पावती बघत होते. मी तिला सगळी हकीगत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग पुढच्या रविवारी आम्ही दोघी वही घेऊन बसलो. दोघांचे मिळून हातात येतात पंचाण्णव हजार. फ्लॅटचा हप्ता बत्तीस, गाडीचा चौदा, घर सजवायला काढलेल्या कर्जाचा नऊ, फ्रिज आणि मोबाइलचे सहा, मुलांची शाळा-क्लास पंधरा. बेरीज शहात्तर हजार. किराणा, पेट्रोल, लाईटबिल, औषधपाणी सगळं उरलेल्या एकोणीस हजारांत. "वहिनी, आम्ही दोघं आठ वर्षं नोकरी करतोय आणि आमची शिल्लक मावशींपेक्षा कमी आहे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

एका रात्रीत काही बदलत नाही. पण त्यांनी दिवाळीच्या बोनसमधून आधी लहान हप्ते फेडून टाकले. नव्या गाडीचा विषय बंद केला. ते सहा हजार मोकळे झाल्यावर त्यातले तीन हजार एक तारखेलाच आवर्ती ठेवीत जातात. आणि तिने पहिल्यांदाच स्वतःच्या कामाच्या ठिकाणी पगारवाढ मागितली. इतकी वर्षं ती संकोचत होती!

परवा पुन्हा अठ्ठावीस तारीख होती. दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर तीच, हातात वाटी घेऊन. माझ्या काळजात जरा चर्र झालं.

ती म्हणाली, "वहिनी, विरजणाला थोडं दही असेल का हो?"

मी वाटी भरून दिली. ती मात्र एक तारखेला परत मागणार नाही!